मलेशियातल्या सितियावानमधलं पाकोळ्यांचं घर रिनोव्हेट करून घेतलं, त्या कॉन्ट्रॅक्टरचा रिव्ह्यू

पहिलीच गोष्ट, कंपनीचं नाव टाकत नाहीये. गाव छोटं आहे, पक्षीघरवाले सगळे एकमेकांना ओळखतात आणि माझा पार्टनर तिथेच राहतो, त्याला रोज सकाळी त्याच कॉफी शॉपमध्ये ह्या लोकांच्या शेजारी बसायचंय. तेव्हा नाव विचारू नका, मेसेज करून पण नाही. पण काम नक्की काय असतं, कुठे पैसे वसूल होतात आणि कुठे टोपी घालतात ते नीट लिहितो, कारण इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर दर दोनचार महिन्यांनी कोणीतरी विचारतंच की हे बर्ड नेस्टचं खरंच चालतं का आणि मग लोक ऐकीव गोष्टी सांगत बसतात.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाकोळी नावाचा छोटा पक्षी, दिवसभर हवेतच उडत किडे खातो, फांदीवर बसता येत नाही त्याला, फक्त उभ्या भिंतीला नखांनी लटकतो. इथली जी पांढऱ्या घरट्याची जात आहे ती घरटं पूर्ण लाळेचं करते, आणि ते घरटं चिनी लोक सूप करून पितात, भरपूर पैसे मोजून. आधी हे सगळं गुहांमधून यायचं, सारावाकमधली निया, साबातली गोमांतोंग वगैरे. जावामध्ये लोकांच्या लक्षात आलं की हे पक्षी जुन्या रिकाम्या घरात पण राहतात, आणि तिथून मग पक्ष्यांसाठीच घरं बांधायची पद्धत पडली. मलेशियात खरी लाट आली १९९७-९८ च्या मंदीनंतर, दुकानं रिकामी पडलेली, लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या आणि वर पक्ष्यांचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारे स्पीकर लावले. पिंजरा नाही, दाणापाणी नाही, पक्षी सकाळी बाहेर जातो संध्याकाळी परत येतो, आला तर तुमचा नाही आला तर शेजाऱ्याचा.

आमची बिल्डिंग म्हणजे पार्टनरच्या वडिलांनी त्याच लाटेत पक्षीघर केलेलं दुमजली शॉपहाऊस. सितियावान पेराकमध्ये, लुमुतच्या किनाऱ्याजवळ, चीनमधून आलेल्या फूचाऊ लोकांचं गाव, कोंपिया नावाची खमंग भाजलेली बिस्किटं मिळतात तिथली फेमस, गेलात तर गरम असतानाच खा. आजूबाजूला सगळी पाम तेलाची इस्टेट, म्हणजे किडे भरपूर, म्हणजे पक्षी भरपूर. भाव एका काळी किलोला चार हजार रिंगितच्या वर होता म्हणे. मग २०११ ला चीनने नायट्राइट नावाचं रसायन जास्त सापडलं म्हणून मलेशियाची घरटी घेणं बंद केलं आणि भाव असा आपटला की म्हाताऱ्यांनी लक्षच काढून घेतलं. छत गळतंय, स्पीकर मेलेत, फळ्यांना बुरशी, पण तरी थोडे पक्षी राहिलेले. हे थोडे पक्षी राहिलेले फार महत्त्वाचं आहे, पुढे सांगतो का ते. वडील गेल्यावर पार्टनरने विचारलं अर्धे पैसे टाकतोस का, मी ऑफिसमध्ये त्याच्या शेजारी बसून वर्षानुवर्षं हेच ऐकत होतो, टाकले.

आता कंपनी. सर्व्हेला जो माणूस आला तो भारी होता, हे मान्य करायलाच पाहिजे. आत गेल्यावर टेप नाही काढला की काही नाही, म्हणाला सगळे टॉर्च बंद करा, मोबाईल खिशात टाका, आणि उभे राहा. आम्ही अंधारात उभे, खाली विष्ठेचा वास, वरून पक्ष्यांचा तो टकटकटक आवाज, कारण अंधारात त्या आवाजाच्या प्रतिध्वनीवरच ते रस्ता शोधतात. सुरुवातीला काहीच दिसत नव्हतं, मग डोळे सरावले तसं हळूहळू एकेक फट दिसायला लागली. जिन्याच्या वरच्या कोपऱ्यात, छताचा पत्रा भिंतीला टेकतो तिथे, जुन्या खिडकीच्या विटांमध्ये अगदी सुईएवढा उजेड. तो माणूस अंदाजाने चालत जाऊन प्रत्येक ठिकाणी खडूने फुली मारत होता. नंतर टॉर्च लावला तर भिंतभर फुल्या. घरटी कुठे आहेत ते पण मग दाखवलं, बरोबर फुल्यांपासून सगळ्यात लांब, कारण घरट्याला अंधार लागतो. कुठलाही ब्रोशर वाचून हे एवढं समजलं नसतं, आणि त्या तपासणीचे त्याने पैसे पण घेतले नाहीत.

संध्याकाळी मग गच्चीवर बॅटरीवरचा स्पीकर ठेवून आवाज लावून बघितला. पाच दहा मिनिटांत डोक्यावर थवा गरगर फिरायला लागला, काही तर स्पीकरला घासून जात होते. म्हणजे एरियात पक्षी आहेत, घर चुकलंय. हे टेस्ट न करता कोणी तुम्हाला कोटेशन देत असेल तर तिथूनच परत फिरा.

कोटेशन पन्नास हजार रिंगितच्या आसपास. एक रिंगित वीस रुपयांच्या पुढेमागे धरा आणि स्वतःच हिशोब करा, मी केला तेव्हा बायकोला सांगायच्या आधी दोन कप कॉफी घेतली. त्यात छताचं इन्सुलेशन, प्रवेशाचं भोक नवीन, फळ्या, साऊंड, ओलावा करणारी मशीन, आणि एक ओळ होती 'अरोमा पॅकेज', तिच्याकडे नंतर येतो. पक्षी आले नाहीत तर कंपनी जबाबदार नाही असं स्पष्ट लिहिलेलं, जे मला खरं तर आवडलं, कारण आधी ज्या दुसऱ्या एकाला विचारलं तो अमुक वर्षात अमुक घरटी गॅरंटी म्हणत होता. पक्षी काय त्याच्या पगारावर आहेत का.

कामाला जी टीम आली तिचा मुख्य सुतार इंडोनेशियन, ईस्ट जावातल्या ग्रेसिककडचा. त्या भागात पाकोळ्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. सगळे त्याला पाक म्हणायचे, तिकडे मोठ्या माणसाला तसंच म्हणतात, मी पण तेच म्हणायला लागलो. ह्या रिव्ह्यूमधले निम्म्याहून जास्त स्टार ह्या पाकचे आहेत, कंपनीचे नाहीत.

उदाहरण सांगतो. आमचं जुनं प्रवेशाचं भोक जिकडे होतं तिकडे आता समोर चार मजली बिल्डिंग उभी राहिलीये, पक्ष्याला आत यायला सरळ रस्ताच नाही. त्यामुळे गच्चीवर एक छोटी खोली बांधून, इथे तिला मंकी हाऊस म्हणतात, त्यात इस्टेटच्या बाजूला तोंड करून साधारण दोन बाय तीन फुटांचं नवीन भोक पाडायचं ठरलं. तिथून आत आलं की पक्ष्यांना गोल फिरायला मोकळी जागा, मग खाली मजल्यांमधली भोकं, मग अंधाऱ्या घरट्याच्या खोल्या. कंपनीचा मॅनेजर म्हणे नवीन भोक झालं की जुनं त्याच दिवशी बंद करून टाकू, माणसं परत परत पाठवायला परवडत नाही. पाक सरळ नाही म्हणाला. जे पक्षी आत राहतात त्यांना जुनाच रस्ता माहितीये, संध्याकाळी येऊन भिंतीला आपटतील आणि शेजारच्या घरात जातील, आणि आत पिल्लं असली तर ती उपाशी मरतील. दोघांची मलय आणि जावानीज मिक्समध्ये बराच वेळ जुंपली. शेवटी दोन्ही भोकं उघडी ठेवली, जुन्या भोकाला आठवड्याआठवड्याने थोडं थोडं प्लाय लावत छोटं केलं, आणि पक्षी आपोआप नवीन भोकाने यायला लागल्यावर ते बुजवलं. मॅनेजरने त्यासाठी एक्स्ट्रा व्हिजिट म्हणून बिल लावायचा प्रयत्न केला, आम्ही दिलं नाही.

कामाची वेळ पण अशीच. पक्षी पहाटे बाहेर पडतात ते संध्याकाळपर्यंत फारसे येत नाहीत, म्हणून सकाळी उशिरा सुरू करून चारच्या आत ड्रिल, हातोडा सगळं बंद. ज्या कोपऱ्यात अंडी किंवा पिल्लं होती तिथे हातच नाही लावला. एका वेळी दोनच अंडी घालतात, अंड्यातून बाहेर आल्यावर पिल्लू उडायला तयार होईपर्यंत सव्वा महिना तरी जातोच, तेवढं थांबायचं. थांबायची तयारी नसेल तर ह्या धंद्यात पडू नका, गाय घ्या.

फळ्यांचं प्रकरण जरा मोठं आहे. छताला खालून उभ्या फळ्या ठोकतात, सहा ते आठ इंच रुंद, फूटभर सव्वा फूट अंतरावर, आणि आडव्या फळ्या टाकून चौकोन करतात, कारण पाकोळीला कोपरा आवडतो. फळी रंधा न मारलेली, त्यावर बारीक खाचा, म्हणजे नखं रुततात आणि लाळ पकडते. लाकूड मेरांती, वाळवलेलं, वास नसलेलं, कुठलंही वाळवीचं औषध न मारलेलं. हे सगळं कोटेशनमध्ये लिहिलेलं होतं. पहिला जो ट्रक आला त्यातल्या फळ्या हातात घेतल्या तर जड आणि गार, आणि नाकाला लावली तर वखारीत गेल्यासारखा आंबट वास. पाकने एक फळी उचलली, अंगठ्याचं नख दाबलं, नखाला ओल लागली, परत ट्रकमध्ये टाकली आणि सिगारेट पेटवली, म्हणजे आज काम नाही. मॅनेजर फोनवर सांगतोय की लावा, आत वाळतील. आत नव्वद टक्के दमटपणा ठेवायचा असतो बाबा, तिथे काय वाळणार, बुरशी येणार, आणि बुरशी आलेल्या फळीवर पाकोळी घरटं करत नाही, केलेलं सोडून पण जाते. आमच्या जुन्या फळ्यांचं तेच झालं होतं. ट्रक परत गेला, दुसरा माल यायला बरेच दिवस लागले, तो मात्र चांगला होता.

आणि हो, जुन्या सगळ्या फळ्या काढून टाकायचा आग्रह कंपनीचा होता, साहजिक आहे, फळीवर पैसे मिळतात. पण पाकोळी जोडीने त्याच त्याच जागी परत घरटं करते, घरटं काढलं तरी त्याच बोटभर जागेवर. ती फळी काढली म्हणजे त्या जोडप्याचा पत्ताच पुसला. जिथे जिथे घरट्याची पांढरी खूण होती त्या फळ्या आम्ही ठेवायला लावल्या, घासून बुरशी काढली आणि शेजारी नवीन जोडल्या. दिसायला ठिगळ लावल्यासारखं झालंय, पण फोटो काढायला तिथे कोण जातंय. आधी म्हटलं ना थोडे पक्षी राहिलेले महत्त्वाचे, ते ह्यासाठी. रिकाम्या नवीन घरात पहिली जोडी आणणं हेच अवघड, आत आधीच आवाज करणारे, विष्ठा टाकणारे पक्षी असतील तर बाकीचे येतात.

छताचं काम एक नंबर. पत्र्याखाली जाड थर्माकोल, त्याखाली सिलिंग, भिंतीत हवा खेळायला चार इंची पीव्हीसी पाईप आणि त्याला आतून खाली वळवलेला एल्बो म्हणजे हवा येते उजेड नाही. दुपारी बाहेर अंगाची लाही होत असताना आत अठ्ठावीसच्या आसपास तापमान, हेच पाहिजे असतं. त्यातल्या एकाही फुलीपाशी आता उजेड दिसत नाही, मी परत टॉर्च बंद करून उभा राहून चेक केलंय.

आता जिथे राग आहे ते. साऊंड. बाहेरचा आवाज बोलवायचा, दिवसा चालू, आतला आवाज राहायला लावायचा, चोवीस तास हळू. त्यासाठी अँप्लिफायर, टायमर, फळ्यांवर ओळीने ट्विटर म्हणजे छोटे स्पीकर. वायरिंग ठीक केलंय. पण पेन ड्राइव्हमध्ये जो 'सिक्रेट गुहेतला ओरिजिनल आवाज' म्हणून वेगळे पैसे घेऊन दिला, तो पार्टनरच्या मामाच्या घरात वर्षानुवर्षं वाजतोय तोच निघाला, मामाने दारातूनच ओळखला. बरं, बाहेरचा आवाज इतका मोठा लावून ठेवला की समोरच्या क्लिनिकवाल्या डॉक्टरीणबाई खाली येऊन बोलल्या, आणि बरोबर बोलल्या. ह्या आवाजावरून, घाणीवरून इथे खूप भांडणं झालेली आहेत, पेनांगच्या जॉर्जटाऊनला तर २००८ ला युनेस्कोचा दर्जा मिळाल्यावर जुन्या वस्तीतली पक्षीघरं हलवायलाच लावली. पशुवैद्यकीय खात्याच्या गाईडलाइन आहेत, लोकल कौन्सिलचे नियम आहेत, हे कंपनीला माहीत नसेल असं होऊच शकत नाही. आम्हीच मग कमी केला, पक्षी काही कमी झाले नाहीत.

अरोमा पॅकेज म्हणजे निव्वळ बाटल्या. भिंतीला फवारायचं काहीतरी तपकिरी पाणी, अमोनियाचा भपकारा, म्हणजे पक्ष्यांना वाटावं इथे आधीपासून वस्ती आहे. अहो पण आहेच की वस्ती! आमच्याकडे जमिनीवर कितीतरी वर्षांची खरी विष्ठा पडलेली, पाकने तीच थोडी वाळवून, भिजवून कोपऱ्याकोपऱ्यात पसरली, फुकट. बाटल्या अजून जिन्याखाली आहेत, कोणाला पाहिजे असतील तर घेऊन जा.

ओलाव्याच्या मशीनने तर डोक्याला शॉट दिला. बसवणाऱ्या पोराने धुक्याचा पाईप थेट नवीन फळ्यांकडे तोंड करून लावला आणि टायमर जवळजवळ दिवसभर चालू. पार्टनर काही दिवसांनी आत गेला तर तीन चार फळ्यांवर पांढरी लव. फोन केला तर म्हणे लाकूड खराब असेल. लाकूड पण तुम्हीच दिलंय ना. शेवटी पाकच रविवारी स्वतःच्या मोटरसायकलवर आला, पाईपचं तोंड मोकळ्या जागेकडे फिरवलं, वेळ कमी केली, भिंतीच्या कडेने जमिनीवर पाण्याचे उथळ हौद केले आणि त्यात डास होऊ नयेत म्हणून छोटे मासे सोडले. दमटपणा मोजणारा हायग्रोमीटर आता ऐंशी ते नव्वद टक्क्यांमध्ये असतो. मशीन पावसाळ्यात तर बंदच असते.

घुबडाबद्दल कंपनीने एक शब्द सांगितला नव्हता, ही मोठी कमतरता. इथल्या पाम इस्टेटमध्ये उंदीर मारायला गव्हाणी घुबडांसाठी मुद्दाम खोकी लावतात, चांगली गोष्ट आहे, पण आमचं नवीन भोक नेमकं इस्टेटकडे तोंड करून! एक घुबड रात्री मंकी हाऊसमध्ये येऊन बसायला लागलं, खाली पिसं सापडली. पक्षी घाबरून पूर्ण घर सोडून गेल्याच्या केसेस आहेत. भोकाच्या कडेला टेकायला जागाच राहू नये म्हणून उतरता पत्रा आणि वर काटे लावले, घुबडाला मारायचं नाही, फक्त बसू द्यायचं नाही. पाकोळी उडत आत शिरते, तिला कडेवर बसायची गरजच नाही. हे डिझाईन पहिल्या दिवसापासून असायला पाहिजे होतं.

रिझल्ट विचाराल तर पक्षी वाढलेत, संध्याकाळी भोकापाशी गर्दी होते. नवीन फळ्यांवर कोपऱ्यात घरट्याची सुरुवात दिसायला लागलीये, आधी नुसती चंद्रकोरीएवढी ओली रेघ, मग एकावर एक धागे, अगदी ताटात वाळत घातलेल्या शेवया चिकटल्यासारखे. एक घरटं पूर्ण व्हायला महिना सव्वा महिना, आणि वजन आठ दहा ग्रॅम, म्हणजे किलोला शंभरच्या वर घरटी लागतात. तेव्हा पैसे वसूल झाले का हा प्रश्न आत्ता विचारू नका. काढणी पिल्लं उडून गेल्यावरच करतोय, मधेच अंडी फेकून घरटी काढणारे लोक आहेत, त्यांची घरं दोन वर्षांत रिकामी होतात.

आणि गावाकडून दोघातिघांनी विचारलंय की कोकणात असं करता येईल का, घर पडून आहे. नाही. आपल्याकडे वेंगुर्ला रॉक्स बेटांवरच्या गुहेत पाकोळ्या आहेत, पण ती जात वेगळी, घरट्यात गवत पिसं मिसळते, आणि मुळात वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तिथली घरट्यांची चोरी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रवाल्यांनी उघडकीला आणली होती, ज्यांना माहीत नाही त्यांनी शोधून वाचा. अंदमानात पांढऱ्या घरट्याची पाकोळी आहे, तिच्यासाठी घरं करून बघायचा प्रयोग डॉ. रवी शंकरन यांनी केला होता, पण ते संशोधन आणि संवर्धन होतं, तुमच्या माझ्या रिकाम्या घराची स्कीम नव्हे.

तर स्टार द्यायचे झाले तर सर्व्हेला पाच, छत आणि सुतारकामाला पाच, साऊंडला दोन, अरोमाला शून्य, सर्व्हिसला दीड कारण वॉरंटीच्या फोनला मॅनेजर उचलतच नाही. सरासरीचा हिशोब न करता साडेतीन टाकतो आणि त्यातला अर्धा पाकच्या माशांसाठी. करून घेणार असाल तर कोटेशनमध्ये तीन गोष्टी लिहूनच घ्या की लाकूड वाळलेलं असेल आणि ओलं निघालं तर परत, जुनं भोक हळूहळू बंद करणार, आणि घरट्याची खूण असलेली फळी काढणार नाही. बाटल्यांची ओळ पेनाने खोडून टाका, लगेच मान्य करतात. खालचा मजला अजून बाकी आहे आमचा, पाक आता कंपनी सोडून स्वतःची कामं घेतो असं कळलंय, दिवाळीनंतर त्यालाच बोलावणार आहोत.